उडणं सोपं, उतरणं अवघड!

पालघर जिल्ह्यातला जव्हार तालुका तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. डोंगर, दऱ्या, वळणावळणाचे रस्ते आणि दूरदूर विखुरलेले पाडे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथे एक नवलाची गोष्ट घडली. जव्हारहून झाप या गावी लशीचे ३०० डोस पोचवायचे होते. एरवी रस्त्यानं जायला चाळीसेक मिनिटं लागतात. पण त्या दिवशी लस गाडीतून गेलीच नाही. ती गेली ड्रोनमधून, आणि नऊ मिनिटांपेक्षा थोड्या जास्त वेळात गावात हजर!

अशी बातमी वाचली की आपलं लक्ष पटकन 'नऊ मिनिटं' या शब्दांकडे जातं. वा, काय वेग! पण सामान पोचवणारे ड्रोन जे तयार करतात त्यांचं लक्ष दुसरीकडेच असतं. मधली आठ मिनिटं त्यांना फारशी सतावत नाहीत. वर मोकळं आकाश, ना खड्डा ना गर्दी. त्यांचा जीव टांगणीला लागतो तो शेवटच्या अर्ध्या मिनिटात. कारण आकाश मोठं असतं आणि अंगण लहान!

गड चढताना दम लागतो, पण पाय घसरतो तो उतरताना. ट्रेकला जाणारे दादा-ताई हे सांगतातच. ड्रोनचंही तसंच आहे. त्यातून हा ड्रोन स्वयंचलित असेल, म्हणजे हातात रिमोट घेऊन खाली कुणी उभंच नसेल, तर सगळं त्याचं त्यानंच पाहायचं आणि ठरवायचं. उतरताना त्याला पाच प्रश्न सोडवावे लागतात. मी कुठे आहे? जमीन किती खाली आहे? माझी जागा नेमकी कोणती? मी टेकलो का? आणि सगळ्यांत महत्त्वाचा पाचवा प्रश्न, तो मात्र मी शेवटी सांगणार आहे. चला, एकेक घेऊ.

पहिला प्रश्न : मी कुठे आहे?

ड्रोनच्या पाठीवर एक छोटीशी डबी असते. ती जीपीएसचे संदेश ऐकत असते. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे तीसेक उपग्रह फिरत असतात. प्रत्येकाजवळ अतिशय काटेकोर असं अणुघड्याळ असतं. प्रत्येक उपग्रह सारखा ओरडून सांगत असतो, "मी अमुक, मी अमुक ठिकाणी आहे, आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत." हा संदेश प्रकाशाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगानं खाली येतो. यायला किती वेळ लागला त्यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळतं. निदान चार उपग्रहांची अंतरं मिळाली की आपण कुठे आहोत ते गणितानं काढता येतं.

आता गोम कुठे आहे ते बघा. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यातल्या एका भागाइतकी वेळेची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते! घड्याळं चांगली असतात म्हणून एवढी चूक होत नाही. पण संदेश वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून येतो तेव्हा तो जरासा रेंगाळतो. कधी उंच इमारतीच्या भिंतीवर किंवा कड्यावर आपटून, वळसा घालून येतो. मग हिशेब चुकतो. मोकळ्या आकाशाखाली आपल्या मोबाइलमधलं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं.

पाच मीटर म्हणजे काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. गाडीतून मावशीचं घर शोधायला काहीच नाही, खरंय. पण अंगणाच्या मधोमध उभे राहा आणि चहूबाजूंना आठ-आठ पावलं टाका. त्या वर्तुळात काय काय आलं? तुळशीवृंदावन, कपडे वाळत घालायची तार, गोठ्यातली म्हैस, विहिरीचा काठ आणि दुपारी खाटेवर पडलेले आजोबा! ड्रोनच्या मते तो बरोबर जागीच उतरतोय, आणि प्रत्यक्षात आजोबांच्या पोटावर. चालेल का?

यावर शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली आहे. समजा, तुमच्याकडे एक तराजू आहे आणि तो बिघडलाय. पण तुमच्याकडे एक किलोचं खात्रीचं वजनही आहे. ते तराजूवर ठेवलं तर तराजू म्हणतो, एक किलो पन्नास ग्रॅम. झालं! चोर पकडला. आता त्या तराजूवर तेवढ्याच वजनाचं काही ठेवा आणि पन्नास ग्रॅम वजा करा.

इथेही तेच करतात. जमिनीवर एका पक्क्या जागी एक स्थानक बसवतात. ती जागा आधीच अचूक मोजलेली असते. स्थानक उपग्रहांचे संदेश ऐकतं आणि म्हणतं, "अरेच्चा, उपग्रहांच्या हिशेबानं मी इतका बाजूला दिसतोय. म्हणजे आत्ता एवढी चूक आहे." ही चूक ते रेडिओवरून ड्रोनला कळवत राहतं. ड्रोन जवळपासच असतो, त्यामुळे त्याच्या संदेशांतही साधारण तीच चूक असते. तो ती वजा करतो. शिवाय नुसता संदेश न ऐकता तो त्या संदेशाच्या लहरीच मोजतो. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते. फूटपट्टीवरचे भाग जितके बारीक तितकं माप बारीक, हे तुम्हाला माहीतच आहे. या पद्धतीला 'आरटीके' म्हणतात. तिनं पाच मीटरची चूक काही सेंटिमीटरवर येते. अंगणावरून थेट पाटावर!

दुसरा प्रश्न : जमीन किती खाली आहे?

तुम्ही म्हणाल, आरटीकेनं सगळं कळलं की. आता उतरायला काय हरकत आहे? थांबा. आरटीकेचं स्थानक प्रत्येक पाड्यावर नसतं. आणि असलं तरी ड्रोनला कळतं ते स्वतःचं ठिकाण. खालच्या जमिनीचं काय? तिथे आज सकाळी कुणी गवताची गंजी रचली असेल तर?

उंची मोजायला ड्रोनकडे एक वायुभारमापक असतो, नखाएवढा. आपण जसजसे वर जातो तसतसा हवेचा दाब कमी होतो हे तुम्ही भूगोलात शिकलात. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एक हेक्टोपास्कलनं कमी होतो. तिथला एकूण दाब हजाराच्या आसपास असतो. म्हणजे हजारातला एक भाग ओळखायचा, आणि आठ मीटर नव्हे तर आठ सेंटिमीटर ओळखायचे तर लाखातला एक! आजचे मापक याच्या जवळपास पोचतात. पण पावसाळी ढग दाटून आले की हवेचा दाब आपोआप उतरतो. बिचाऱ्या मापकाला वाटतं, आपणच वर आलो. शिवाय मापक सांगतो ती निघालेल्या जागेपासूनची उंची. निघालं जव्हारहून आणि उतरायचं दुसऱ्याच गावात, तर दोन्ही गावं एकाच पातळीवर थोडीच असणार?

म्हणून शेवटच्या टप्प्यात ड्रोन थेट जमिनीलाच विचारतो. तो खाली लेझरचा एक बारीक झोत सोडतो. झोत जमिनीवर आपटून परत येतो. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. जाऊन-येऊन किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्याच्या निम्म्यावरून उंची काढायची. वटवाघूळ आवाजानं जे करतं, तेच इथे प्रकाशानं. काही ड्रोन तर वटवाघळासारखा आपल्याला ऐकू न येणारा आवाजही वापरतात.

तिसरा प्रश्न : माझी जागा नेमकी कोणती?

इथे ड्रोनला डोळा लागतो. म्हणजे खाली बघणारा कॅमेरा. पण कॅमेऱ्याला सगळं दिसतं म्हणजे सगळं समजतं असं नाही. आपल्याला अंगणातली रांगोळी झटकन ओळखू येते, संगणकाला नाही. म्हणून त्याच्यासाठी वेगळी रांगोळी काढावी लागते, काळ्या-पांढऱ्या चौकोनांची! अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात एडविन ओल्सन यांनी अशी 'एप्रिलटॅग' नावाची चिन्हं तयार केली. २०११ मध्ये त्यांनी त्याबद्दल लिहिलं. आज जगभरचे यंत्रमानव आणि ड्रोन ती वापरतात.

त्यातल्या एका प्रकारात ६ गुणिले ६, म्हणजे ३६ घरं असतात. प्रत्येक घर काळं किंवा पांढरं. अशी एकूण किती चिन्हं होतील? २ चा ३६ वा घात, म्हणजे ६,८७१ कोटींहून जास्त! पण त्यातली वापरायची किती? फक्त ५८७. एवढा कंजूषपणा कशाला? कारण निवडताना अट अशी घातली, की कुठल्याही दोन चिन्हांमध्ये, ती कशीही फिरवली तरी, निदान ११ घरं वेगळी असली पाहिजेत. समजा एका घरावर चिखल उडाला, दुसऱ्यावर वाळकं पान पडलं, तिसऱ्यावर कावळ्यानं कार्यक्रम उरकला. तरीही हे चिन्ह म्हणजे ते दुसरं, असा घोटाळा होत नाही. वर्गात 'सुमन' आणि 'सुमंत' अशी नावं असली की हजेरीला गोंधळ होतो. नावंच अगदी वेगवेगळी ठेवली तर?

या चौकोनातून ड्रोनला एकदम तीन गोष्टी कळतात. घरांच्या रचनेवरून कळतं, की ही आपलीच जागा आहे, शेजारची नाही. चौकोन केवढा दिसतो त्यावरून तो किती लांब आहे ते कळतं, कारण त्याचं खरं माप ड्रोनला आधीच सांगितलेलं असतं. आणि चारही कोपरे कसे दिसतात, एक बाजू आखूड आणि समोरची लांब दिसते का, यावरून आपण तिरके आहोत की बरोबर डोक्यावर, ते कळतं.

पण खाली येताना एक पंचाईत होते. चिन्ह मोठं असेल तर जवळ आल्यावर ते कॅमेऱ्यात मावत नाही. भिंतीला नाक लावून भिंतीवरचं चित्र बघायला गेल्यासारखं. लहान असेल तर वरून दिसत नाही. मग काय करायचं? मोठ्या चिन्हाच्या आत एक छोटं चिन्ह काढायचं! लांबून मोठं वाचायचं, जवळ आल्यावर छोटं. आणि रात्र असेल तर? तेव्हा उतरायच्या जागी आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारे दिवे लावता येतात. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो ना, तसलाच तो प्रकाश.

मधमाशीची शिकवणी

आता तुम्हाला वाटेल, मधमाशी फुलावर उतरते तेव्हा तिच्याकडे कुठे लेझर असतो? कुठे जीपीएस? बरोबर! हाच प्रश्न मंड्यम श्रीनिवासन या शास्त्रज्ञांना पडला. बंगळूरमध्ये शिकलेले श्रीनिवासन पुढे ऑस्ट्रेलियात गेले आणि तिथे त्यांनी मधमाश्यांच्या उडण्याचा अभ्यास केला.

एसटीच्या खिडकीतून बाहेर बघताना तुमच्या लक्षात आलं असेल, की जवळची झाडं सर्रकन मागे पळतात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. मधमाशीला खालची जमीन अशीच पळताना दिसते. सपाट जागेवर उतरताना ती एकच नियम पाळते : जमीन डोळ्यांपुढून पळण्याचा वेग कायम ठेवायचा. ती खाली आली की जमीन जास्त वेगानं पळायला लागते. मग नियम पाळायचा तर तिला आपला वेग कमी करावा लागतो. आणखी खाली, वेग आणखी कमी. टेकायच्या क्षणी वेग जवळजवळ शून्य! ना उंची मोजली, ना वेग मोजला. श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००० साली प्रसिद्ध केलं. आज कितीतरी ड्रोन खालच्या कॅमेऱ्यातून जमिनीचं असं 'पळणं' पाहून स्वतःला सावरतात.

पण या युक्तीला जमिनीवर काहीतरी दिसायला हवं. दगड, गवत, भेगा, काहीही. याचा धडा मिळाला तो थेट मंगळावर! नासाचं 'इंजेन्युइटी' नावाचं पावणेदोन किलोच्या आसपासचं चिमुकलं हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर पहिल्यांदा उडालं. मंगळावर जीपीएस नाही. त्यामुळे ते सेकंदाला ३० फोटो काढून जमिनीवरच्या खुणा पकडत पकडत उडायचं. पाच उड्डाणं झाली तरी खूप, असं ठरलेलं असताना या पठ्ठ्यानं ७२ उड्डाणं केली! १८ जानेवारी २०२४ चं ७२ वं उड्डाण मात्र शेवटचं ठरलं. खाली वाळूच्या गुळगुळीत लाटा होत्या. सगळीकडे सारखंच, धरायला खूण नाही. आपण आडवे किती वेगानं सरकतोय हे त्याला नीट कळलं नाही. ते सरकत सरकतच वाळूच्या उतारावर आदळलं आणि त्याची पाती मोडली. ७१ वेळा आकाश जिंकलेलं यंत्र हरलं ते उतरताना!

स्वतःच्याच वाऱ्याची खोडी

जमिनीजवळ आल्यावर आणखी एक खोडकर पाहुणा भेटतो. तो म्हणजे ड्रोनचा स्वतःचाच वारा. ड्रोन हवेला खाली ढकलतो म्हणून वर राहतो. पण तो सरळ खाली फार वेगानं आला, तर स्वतःच ढवळलेल्या हवेत शिरतो. तिथे पात्यांना पकड मिळत नाही आणि तो धपकन खाली जातो. म्हणून हळू उतरायचं. बरं, अगदी खाली, पात्याच्या व्यासाएवढ्या उंचीवर आलं, की उलटंच होतं. खाली ढकललेल्या हवेला जायला जागा नसते, आणि ड्रोन हवेच्या उशीवर बसल्यासारखा तरंगतो. खाली जायचंय आणि जाववत नाही! वर धूळ आणि पालापाचोळा उडून कॅमेऱ्याच्या डोळ्यांत जातो तो वेगळाच.

मग तो स्वतःला सावरतो कसा? तळहातावर काठी उभी धरायचा खेळ तुम्ही खेळलाच असाल. तेव्हा तुम्ही नकळत तीन गोष्टी बघता. काठी किती कलली? किती वेगानं कलतेय? आणि बराच वेळ ती एकाच बाजूला ओढतेय का? ड्रोनचा संगणकही याच तीन गोष्टींवरून प्रत्येक पंख्याचा वेग कमी-जास्त करतो. फक्त सेकंदाला शेकडो वेळा!

चौथा प्रश्न : मी टेकलो का?

हा काय प्रश्न झाला? टेकलो की कळणारच! पण ड्रोनला पाय असले तरी पायांना आपल्यासारखी कातडी नसते. आणि हा प्रश्न चुकला की काय होतं ते पाहा.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात अॅमेझॉन कंपनी आपल्या नव्या ड्रोनच्या चाचण्या घेत होती. रिमझिम पाऊस होता. ड्रोनची आज्ञावली नुकतीच बदललेली होती. लेझरच्या उंचीमापकानं चुकीची उंची दिली. संगणकाला वाटलं, आपण जमिनीवर टेकलो. टेकल्यावर काय करायचं? शहाण्या मुलासारखे पंखे बंद करायचे. त्यानं केले. पण ड्रोन तेव्हा सुमारे २०० फुटांवर होता! थोड्याच मिनिटांच्या अंतरानं दुसऱ्या ड्रोनचंही अगदी तसंच झालं. दोन्ही दगडासारखे खाली पडले. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. कंपनीनं पुढे उड्डाणं काही काळ थांबवली आणि दुरुस्ती करून मार्च २०२५ मध्ये पुन्हा सुरू केली.

यातून शिकायचं काय? एकाच साक्षीदारावर कधी विसंबायचं नाही! लेझर म्हणतो टेकलो. बरं, मग वायुभारमापक काय म्हणतो? कॅमेऱ्याला काय दिसतं? टेकताना बसतो तो हलका धक्का जाणवला का? पायाखाली दाबलं जाणारं एखादं साधं बटण असलं तर ते दाबलं गेलंय का? चौघांनी 'हो' म्हटलं तरच पंखे बंद.

न उतरणारे हुशार

काही जणांनी मात्र या सगळ्या कटकटीवर एक मस्त तोडगा काढला. उतरायचंच नाही!

आफ्रिकेतल्या रवांडा देशाला 'हजार टेकड्यांचा देश' म्हणतात. तिथल्या दूरच्या दवाखान्यांना रक्त वेळेवर मिळत नसे. बाळंतपणात एखाद्या आईला रक्तस्राव सुरू झाला, तर एकेक मिनिट मोलाचं असतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये झिपलाइन या कंपनीनं तिथे विमानासारख्या पंखांच्या ड्रोनमधून रक्त पाठवायला सुरुवात केली. हा ड्रोन दवाखान्यावर येतो आणि कागदी हवाई छत्री बांधलेला खोका खाली सोडून तसाच परत फिरतो. परत आल्यावरही तो जमिनीवर उतरत नाही. दोन खांबांमध्ये एक दोर ताणलेला असतो. ड्रोनच्या शेपटीला असतो छोटा आकडा. तो आकडा नेमका त्या दोरात अडकवायचा, भर वेगात! तिथेही तेच सेंटिमीटरचं गणित लागतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की या सोयीमुळे दवाखान्यांत मुदत संपून फुकट जाणाऱ्या रक्ताच्या पिशव्या वर्षभरात ६७ टक्क्यांनी कमी झाल्या. रक्त हवं तेव्हा मिळतंय म्हटल्यावर साठवून ठेवायची गरजच काय?

विंग नावाची कंपनी विहिरीत पोहरा सोडावा तसा दोरीनं खोका खाली सोडते. ड्रोन वरच घिरट्या घालतो. झिपलाइननं २०२३ मध्ये दाखवलेल्या नव्या ड्रोनमध्ये तर दोरीच्या टोकाला एक छोटं यंत्रच असतं. मोठा ड्रोन सुमारे ३०० फुटांवर थांबतो आणि हे पिल्लू स्वतःच्या छोट्या पंख्यांनी वारा कापत, जागा साधत खाली उतरतं. गरगर फिरणारी पाती माणसांपासून दूरच राहतात.

पाचवा प्रश्न

आता राहिला तो पाचवा प्रश्न. उतरू, की नको?

सगळं जमून आलंय. ठिकाण बरोबर, उंची बरोबर, चिन्ह दिसलं. आणि ऐन वेळी एक छोटी मुलगी ड्रोन बघायला धावत चिन्हावर येऊन उभी राहिली. आता? चांगला ड्रोन तो, जो इथे थांबतो. वर जातो, वाट बघतो, पुन्हा बघतो, आणि बॅटरी कमी असेल तर ठरवून ठेवलेल्या दुसऱ्या सुरक्षित जागी जातो. त्यासाठी बॅटरीत थोडी शिल्लक आधीपासूनच राखून ठेवावी लागते. लस अर्धा तास उशिरा मिळाली तर चालेल, पण ती ज्यांच्यासाठी आणली त्यांनाच इजा झाली तर ती आणली कशाला?

म्हणून गंमत बघा, अचूक उतरणं म्हणजे नुसतं नेम धरणं नव्हे. आपल्याला खात्री नाही हे ओळखता येणं आणि तेव्हा 'नाही' म्हणता येणं, हाही त्यातलाच भाग. यंत्राला हे शिकवणं सगळ्यांत कठीण. (माणसांना सोपं आहे असं नाही! पोहता येत नसताना मित्र म्हणतात म्हणून विहिरीत उडी मारणाऱ्यांनी विचार करावा.)

आईबाबांसाठीही दोन शब्द. आपल्या देशात ऑगस्ट २०२१ पासून ड्रोनचे स्वतंत्र नियम आहेत. विमानतळाच्या आसपास किंवा मनाई असलेल्या भागात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. खेळण्यातला ड्रोन आणला तरी तो गर्दीवर उडवायचा नाही, आणि उतरणाऱ्या ड्रोनखाली हात पसरून तो झेलायला जायचं नाही. ती पाती बोट कापू शकतात.

करून पाहा

एका पुठ्ठ्याचा २० सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापा. तो भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. आता तीन मीटर लांब उभे राहा. हातात फूटपट्टी घ्या आणि ती डोळ्यापासून बरोबर ६० सेंटिमीटरवर धरा (मित्राला दोरीनं मोजायला सांगा). एक डोळा मिटा. पट्टीवर चौकोन किती सेंटिमीटरचा दिसतो? चारच्या आसपास यायला हवा. आता सहा मीटरवर जा. मग बारा मीटरवर. दर वेळी आकडा लिहून ठेवा. त्यातला नियम तुम्हाला सापडेलच.

मग खरी परीक्षा. मित्रानं तुम्हाला डोळे बांधून कुठेतरी उभं करायचं. डोळे सोडल्यावर फक्त पट्टीवरचा आकडा बघून भिंत किती लांब आहे ते सांगायचं. तुमचं उत्तर आणि खरं अंतर यांत किती फरक पडला? तो फरक म्हणजे तुमच्या ड्रोनची चूक. आता सांगा, तेवढ्या चुकीत तुम्ही त्याला आजोबांच्या खाटेशेजारी उतरू द्याल का?